तुकड्यांतून कथा: मुंबईतील चित्रपट-संकलनाची वाटचाल

चित्रपट पडद्यावर सलग दिसतो. चित्रीकरण मात्र तुकड्यातुकड्यांनी आणि बहुधा उलटसुलट क्रमाने होते. त्या तुकड्यांतले हवे तेवढेच ठेवून त्यांची कथा बांधणे म्हणजे संकलन. मुंबईत हे काम सुरू झाले ते दादासाहेब फाळके यांच्या घरात. कच्च्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई तिथे करत. ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेल्या फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी स्थिर असतो, प्रसंग नाटकातल्या प्रवेशासारखा समोर घडतो आणि दोन प्रसंगांमधले अंतर लिखित पाटी भरून काढते. सहा वर्षांनंतरच्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळके बरेच पुढे गेलेले दिसतात. पाण्याखाली कृष्णाची कालियाशी झुंज आणि काठावर व्याकूळ झालेले लोक, अशी दृश्ये आलटून-पालटून येतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत आहेत हे सांगायला पाटी लागत नाही.

१९३१ साली ‘आलम आरा’ हा बोलपट आला आणि चित्राबरोबर ध्वनीही जुळवणे आले. ओठ आणि शब्द किंचित जरी मागेपुढे झाले तरी प्रेक्षकाला खटकते. चित्राची आणि ध्वनीची पट्टी जुळवण्यासाठी क्लॅपचा ठोका हीच खूण असे. दृश्यांची सलगता राखण्याचे नियमही पक्के होत गेले. बोलणाऱ्या दोघांच्या नजरा एकमेकांना भिडल्या पाहिजेत, उजवीकडे निघालेला माणूस पुढच्या शॉटमध्ये विनाकारण उलट्या दिशेने जाता कामा नये, आणि कट हालचालीच्या मध्यावर बसला तर तो सहसा जाणवत नाही. कथेची लय संकलनाच्या टेबलावर ठरते, हे हृषिकेश मुखर्जी पुरेपूर जाणत होते. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ (१९५३) आणि ‘मधुमती’चे (१९५८) संकलन त्यांचेच, दिग्दर्शक म्हणून त्यांची घडण या कामातून झाली.

या कलेची ताकद सर्वांत ठळकपणे दिसते ती ‘शोले’मध्ये (१९७५). संकलक होते एम. एस. शिंदे. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडात डाकू गब्बर लहान मुलावर बंदूक रोखतो, गोळीचा आवाज येतो आणि लगेच पडद्यावर आगगाडी दिसते. मुलाचा मृत्यू दाखवलेला नाही, म्हणूनच तो जास्त हादरवतो. त्याच गाडीने ठाकूर गावी परततो, त्यामुळे हा कट कथाही पुढे नेतो. पुढे गब्बर ठाकूरचे हात तोडायला तलवारी उगारतो, दृश्य भूतकाळातून थेट वर्तमानात येते, ठाकूरची शाल उडते आणि रिकाम्या बाह्या दिसतात. हात तुटण्याचा क्षण कुठेच नाही; दोन शॉटच्या सांध्यात तो प्रेक्षक स्वतः पाहतो. हिंदी चित्रपटात इतका अचूक कट क्वचितच सापडेल. ‘शोले’ला त्या वर्षी एकच फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तोही संकलनाचा.

दरम्यान १९६० साली पुण्यात, प्रभात स्टुडिओच्या आवारात, चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली आणि उमेदवारीतून शिकण्याच्या या विद्येला अभ्यासक्रम मिळाला. तिथेच शिकलेल्या रेणू सलुजा यांनी ‘जाने भी दो यारो’ (१९८३) आणि ‘परिंदा’ (१९८९) यांचे संकलन केले. एकाने विनोदाची गती सांभाळली, दुसऱ्याने भीतीची. ‘परिंदा’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९९०च्या दशकात संगणक आले, तेव्हा कात्री, चिकटपट्टी आणि टांगलेल्या फिल्मच्या पट्ट्या संकलनकक्षांतून हळूहळू गेल्या.