नव्वद मीटरची फिल्मशाळा

आजकाल बऱ्याच शाळांत प्रकल्प म्हणून लघुपट करायला देतात. वेळ थोडा असतो, म्हणून अख्खा लघुपट न करता फक्त सुरुवात करायची असते, पहिली दोन मिनिटं. अशा एका आठवीच्या गटाचं काम मी जवळून पाहिलं. पाच मुलं, एक मोबाइल फोन, विषय ‘शाळेत आलेली नवी मुलगी’. मुलांनी दोन दिवस उत्साहानं चित्रण केलं. फाटक, जिना, घंटा, वर्ग, पुन्हा फाटक. जवळजवळ दोन तासांचं चित्रण जमलं. मग ते जोडायला बसले आणि रडकुंडीला आले. एका तुकड्यात मुलगी डावीकडून येत होती, पुढच्यात उजवीकडून. ती कोणाकडे पाहते आहे ते कळत नव्हतं. कारण ती ज्याच्याकडे पाहते ते चित्रित करायचं राहूनच गेलं होतं. दोन तासांच्या ढिगातून दोन मिनिटं निघेनात.

मुलांचं काय चुकलं? मेहनत कमी पडली नाही, साधनंही कमी पडली नाहीत. उलट साधनं फार होती असं म्हणावं लागेल. असं का म्हणतो ते समजण्यासाठी शंभरेक वर्षं मागे, मॉस्कोतल्या एका फिल्मशाळेत जावं लागेल. तिथल्या विद्यार्थ्यांची अडचण बरोबर उलटी होती. त्यांच्याकडे चित्रण करायला फिल्मच नव्हती.

फिल्म नसलेली फिल्मशाळा

1919 साल. रशियात क्रांती होऊन दोन वर्षं झाली होती आणि यादवी युद्ध पेटलेलं होतं. ऑगस्ट 1919 मध्ये लेनिनच्या सरकारनं चित्रपट व्यवसायाचं राष्ट्रीयीकरण केलं. त्याच वर्षी मॉस्कोत एक सरकारी फिल्मशाळा सुरू झाली. जगातली या प्रकारची ही पहिली शाळा मानली जाते. शाळा निघाली, विद्यार्थी आले, पण कच्ची फिल्म कुठून आणायची? चित्रपटाची फिल्म म्हणजे सेल्युलॉइडच्या पट्टीवर जिलेटिनमध्ये मिसळलेल्या चांदीच्या क्षारांचा थर. ही पट्टी रशियात बहुतेक सगळी परदेशातून यायची आणि युद्धामुळे तो मार्ग बंद झाला होता. अनेक खाजगी निर्माते, नट आणि तंत्रज्ञ देश सोडून गेले होते किंवा जाण्याच्या वाटेवर होते.

या शाळेत 1920 च्या सुमारास एक तरुण शिक्षक शिकवू लागला. त्याचं नाव लेव कुलेशॉव्ह. जन्म 1899 चा, म्हणजे वय जेमतेम एकवीस. शिक्षण चित्रकलेचं. चित्रपटांत तो आला नेपथ्य रंगवायला. एकोणिसाव्या वर्षीच त्यानं स्वतःचा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला होता. त्या चित्रपटात पात्रं विजेच्या तारांचे खांब पाहायला जातात असा प्रसंग होता. नटांना खांबांपाशी नेऊन चित्रण करणं जमलं नाही. मग खांब एका ठिकाणी चित्रित केले, खांबांकडे पाहणारी माणसं दुसऱ्याच ठिकाणी, आणि दोन्ही तुकडे चिकटवले. पडद्यावर माणसं खांबांसमोरच उभी आहेत असं दिसलं. अडचणीतून काढलेली ही पळवाट होती. पण कुलेशॉव्हला तिच्यात एक प्रश्न दिसला. प्रेक्षकाला जे दिसलं ते कुठल्याच तुकड्यात नव्हतं, मग ते आलं कुठून?

त्याच्याभोवती जमलेले विद्यार्थीही निरनिराळ्या वाटांनी आलेले होते. बोरिस बार्नेट मुष्टियोद्धा होता. व्हसेवोलोद पुदॉव्किन मॉस्को विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेला. पहिल्या महायुद्धात तो जर्मनांच्या कैदेत तीन वर्षं होता आणि सुटून आल्यावर प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ म्हणून काम करत होता. ‘इन्टॉलरन्स’ हा ग्रिफिथचा अमेरिकन चित्रपट पाहिला आणि त्यानं प्रयोगशाळा सोडली.

पडदे, दिवे आणि कागद

फिल्म नाही तर शिकवायचं काय? कुलेशॉव्हच्या कार्यशाळेनं दोन उपाय काढले.

पहिला उपाय जुन्या फिल्मचा. आधीच्या काळातले तयार चित्रपट हाताशी होते. विद्यार्थी ते कापत, तुकड्यांचा क्रम बदलत, एका चित्रपटाचा तुकडा दुसऱ्यात लावत आणि अर्थ कसा बदलतो ते पाहत.

दुसरा उपाय जास्त मजेदार. त्याला ते ‘फिल्मविना फिल्म’ म्हणत. लहानशा रंगमंचावर विद्यार्थी एखादी कथा करून दाखवत. पण नाटकासारखी नाही, चित्रपटासारखी. पडदे सरकवून आणि उजेड हलवून मंचाचा एकेक भागच दाखवला जाई. आता फक्त दार, आता फक्त चेहरा, आता टेबलावरचा हात. प्रत्येक ‘शॉट’ आधी ठरवलेला. किती वेळ दिसायचा, त्यात काय दिसायचं, नट कुठून कुठे सरकायचा, सगळं ठरलेलं. पडदा म्हणजे एक आयत आहे आणि नटाची प्रत्येक हालचाल त्या आयतात चौकटी आखल्यासारखी स्पष्ट बसली पाहिजे, असा कुलेशॉव्हचा आग्रह असे. कॅमेरा नव्हता, पण कॅमेऱ्याच्या आधी करायचं सगळं काम होतं.

गणित शिकवणाऱ्या शिक्षकाला हे ओळखीचं वाटेल. मूल आकडेमोडीला लगेच हात घालतं आणि अडतं. आधी कच्ची आकृती काढ, दिलेलं काय आणि काढायचं काय ते लिही, असं आपण सांगतो ते याचसाठी.

नव्वद मीटरचा हिशेब

अखेर 1921 मध्ये कार्यशाळेला प्रयोगांसाठी थोडी फिल्म मंजूर झाली. किती? नव्वद मीटर.

हा आकडा फळ्यावर मांडून पाहण्यासारखा आहे. नेहमीच्या 35 मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर एक चित्र साधारण 19 मिलिमीटर उंचीचं असतं. म्हणजे एका मीटरमध्ये बावन्न-त्रेपन्न चित्रं आणि नव्वद मीटरमध्ये सुमारे पावणेपाच हजार. मूकपटाच्या काळात सेकंदाला सुमारे 16 चित्रं धरली तर हे झाले तीनशेला थोडे कमी सेकंद. जेमतेम पाच मिनिटं! मोबाइल सेकंदाला 30 चित्रं टिपतो असं धरलं, तर तेवढी चित्रं तो अडीच मिनिटांच्या थोड्या वर संपवेल. आणि एवढ्या फिल्ममध्ये एक प्रयोग करायचा नव्हता, अनेक करायचे होते.

म्हणून चित्रणाआधी प्रयोगांची यादी तयार झाली, आणि प्रत्येक प्रयोगाला एकच प्रश्न. एकच नाच एका जागेवरून सलग चित्रित केला आणि तोच वेगवेगळ्या तुकड्यांत चित्रित करून जोडला, तर फरक काय पडतो? वेगवेगळ्या बायकांचे अवयव जवळून चित्रित करून जोडले, तर पडद्यावर एकच बाई दिसेल का? वेगवेगळ्या जागा जोडून एकच जागा तयार करता येईल का?

शेवटच्या प्रश्नावरचा प्रयोग आपल्या विषयाला अगदी जवळचा आहे, कारण तो एखाद्या लघुपटाची सुरुवातच वाटतो. एक बाई (अलेक्सांद्रा खोखलोवा) मॉस्कोतल्या एका दुकानापाशी चालते आहे. एक पुरुष (लिओनिद ओबोलेन्स्की) तिथून बराच दूर नदीकाठानं चालतो आहे. दोघं एकमेकांना पाहतात, हसतात. तिसऱ्याच ठिकाणी, लेखक गोगोलच्या पुतळ्यापाशी, भेटतात. एका दिशेला पाहतात. तिथे दिसतं काय, तर वॉशिंग्टनमधलं व्हाइट हाउस! हा तुकडा एका अमेरिकन चित्रपटातून कापून घेतलेला. मग दोघं जिना चढतात. तो जिना मॉस्कोच्याच एका मोठ्या कॅथीड्रलचा. पाहणाऱ्याला वाटतं, हे सगळं एकाच परिसरात घडतं आहे. नकाशात नसलेली जागा कात्री आणि डिंकानं तयार झाली होती.

आता आठवीच्या गटाची अडचण आठवा. त्यांची मुलगी कधी डावीकडून, कधी उजवीकडून येत होती. मॉस्कोच्या प्रयोगात जागा खोट्या होत्या, पण नजरेची आणि चालण्याची दिशा नीट ठरवलेली होती, म्हणून सगळं एक वाटलं. मुलांच्या चित्रणात शाळा खरी होती, दिशा ठरवलेली नव्हती, म्हणून खरी शाळाही तुटक वाटली.

प्रसिद्ध चेहरा आणि एक सावधगिरी

कुलेशॉव्हचं नाव ज्यामुळे जगभर झालं तो प्रयोग चेहऱ्याचा. इव्हान मोझुखिन या नामवंत नटाचा, कुठलीही ठळक भावना नसलेला चेहरा जुन्या चित्रपटातून घेतला. तो एकदा सुपाच्या बशीशेजारी जोडला, एकदा शवपेटीतल्या बाईशेजारी, एकदा खेळणाऱ्या लहान मुलीशेजारी. प्रेक्षकांना एकाच चेहऱ्यावर क्रमानं भूक, दुःख आणि आनंद दिसला आणि त्यांनी नटाच्या अभिनयाची तारीफ केली. विज्ञान शिकवणाऱ्याला हा प्रयोग भावतोच. चेहरा स्थिर ठेवला, शेजारचं दृश्य तेवढं बदललं. एका वेळी एकच घटक बदला, असं आपण मुलांना सांगतो तेच इथे आहे.

पण इथेच थांबून विचारायला हवं: हे आपल्याला कळलं कसं? ही फिल्म आज उपलब्ध नाही. वरचं वर्णन पुदॉव्किननं 1929 मध्ये लंडनच्या एका भाषणात केलं. कुलेशॉव्हच्या स्वतःच्या आठवणींत शेजारची दृश्यं वेगळी येतात. प्रेक्षक किती होते, त्यांना नेमकं काय विचारलं, याची नोंद नाही. 1992 मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स आणि हेन्स्ली या संशोधकांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा सांगितलेला परिणाम दिसला नाही. 2006 मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या एका अभ्यासात, आणि 2016 मध्ये जास्त काळजीपूर्वक तयार केलेल्या तुकड्यांवर केलेल्या दुसऱ्या अभ्यासात, शेजारच्या दृश्याचा परिणाम आढळला. पण तो गोष्टीत सांगतात तेवढा जोरकस आणि सरसकट नव्हता. म्हणजे कल्पनेत तथ्य आहे, पण पुस्तकांतून फिरणारी गोष्ट पुराव्यापेक्षा मोठी झाली आहे. चांगली गोष्ट आणि चांगला पुरावा यांतला फरक मुलांना दाखवायला याहून सोपं उदाहरण मिळणार नाही.

विद्यार्थ्यांचं पुढे काय झालं

1924 मध्ये या कार्यशाळेनं ‘मिस्टर वेस्ट’ नावानं ओळखला जाणारा विनोदी चित्रपट पूर्ण केला. एक भित्रा अमेरिकन मॉस्कोत येतो त्याची ही गोष्ट. विद्यार्थीच नट झाले, विद्यार्थीच मदतनीस. पडदे आणि दिवे घेऊन केलेल्या तालमी आता खऱ्या कॅमेऱ्यासमोर उपयोगी पडल्या. पुदॉव्किननं 1926 मध्ये ‘मेंदूचं यंत्र’ या अर्थाच्या नावाचा विज्ञानपट केला. तो शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांवर होता. रसायनाची प्रयोगशाळा सोडलेला माणूस कॅमेरा घेऊन प्रयोगशाळेत परतला. ती फिल्मशाळा आजही मॉस्कोत चालू आहे.

आपल्या वर्गात

टंचाई चांगली असते असं मला म्हणायचं नाही. फिल्म मिळाली असती तर त्या मुलांनी आनंदानं वापरली असती. पण टंचाईनं त्यांना एक प्रश्न विचारायला भाग पाडलं: हा तुकडा कशासाठी? मोबाइल हा प्रश्न विचारत नाही. तो शिक्षकाला विचारावा लागतो.

म्हणून प्रकल्प देताना वर्गाला नव्वद मीटर द्यावेत. म्हणजे असं:

सुरुवात दोन मिनिटांची, शॉट जास्तीत जास्त बारा. एकूण चित्रण पाच मिनिटांपेक्षा जास्त करायचं नाही. म्हणजे प्रत्येक शॉट फार तर दोनदा.

प्रत्येक शॉटसाठी वहीत एक आयत काढायचा. त्यात कोण, कुठे, कोणत्या दिशेला पाहतं ते दाखवायचं. खाली एकच ओळ: या शॉटमधून प्रेक्षकाला नवीन काय कळेल? ओळ सुचली नाही तर शॉट गाळायचा.

मग पुठ्ठ्यातून आयत कापून त्यातून पाहत ‘फिल्मविना फिल्म’ची तालीम करायची. इतर मुलांनी पाहून गोष्ट सांगायची. त्यांना कळली नाही तर बदल वहीत करायचा. फोन अजून दप्तरातच.

आणि जमलं तर चेहऱ्याचा प्रयोगही करावा. वर्गाचे तीन गट करून प्रत्येक गटाला एकच जोडी दाखवावी. एकमेकांशी न बोलता चेहऱ्यावरची भावना लिहायला सांगावी आणि उत्तरं मोजावीत. परिणाम दिसला तर का, नाही दिसला तर का, यावर बोलावं.

त्या आठवीच्या गटानं दुसऱ्या खेपेला अकरा शॉट काढले. पहिल्यात फाटक, दुसऱ्यात मुलीचा चेहरा, तिसऱ्यात ती पाहते ते: मैदानावर खेळणारी मुलं, तिच्याकडे पाठ करून. चित्रणाला एक मधली सुट्टी पुरली. वहीत आयत काढण्यात मात्र तीन दिवस गेले, आणि त्या तीन दिवसांत भांडणंही बरीच झाली.