यलोस्टोनचा वणवा आणि आकाशातील साक्षीदार

वणवा विझल्यावर रानाचे काय झाले, याचा निकाल माणसे बहुधा धूर निवण्यापूर्वीच देऊन मोकळी होतात. अमेरिकेतील यलोस्टोनच्या वणव्याच्या वेळी नेमके असेच घडले. तो निकाल पुढे कसा बदलावा लागला, याची हकीकत बोधप्रद आहे.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान १८७२ साली स्थापन झाले. आग दिसली की विझवावयाची, हाच तेथील परिपाठ पुष्कळ वर्षे होता. १९७२ साली तो बदलला. विजेने लागलेली आग वस्तीला धोका नसेल तर जळू द्यावी, कारण ती रानाच्या जीवनक्रमातलीच आहे, असे ठरले. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या जुलैत लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह आकाशात गेला.

१९८८ चा उन्हाळा मात्र विलक्षण कोरडा निघाला. २० ऑगस्टच्या एका दिवसात दीड लाख एकरांहून अधिक प्रदेश आगीने गिळला. हजारो माणसे झुंजत होती. पण वणव्याचा जोर मोडला तो सप्टेंबरातल्या पावसाने आणि हिमाने. उद्यान बेचिराख झाले, अधिकाऱ्यांच्या हट्टापायी झाले, अशी देशभर ओरड झाली. वस्तुतः सर्वांत मोठी आग माणसाच्या हातून, उद्यानाच्या हद्दीबाहेर लागली होती आणि ती विझविण्याची खटपट पहिल्यापासून चालू होती. पण क्षोभाच्या वेळी हे ऐकतो कोण?

हिशेब मांडण्यास उपग्रहाची मदत झाली. हिरवे पान डोळ्यांना न दिसणारे काही अवरक्त किरण भरपूर परतविते. जळलेली जमीन ते फारसे परतवीत नाही. उलट त्यांहून लांब लहरींचे किरण ती अधिक परतविते. आगीपूर्वीचे व नंतरचे चित्र ताडून पाहिले की, रान कोठे पुरते जळाले आणि कोठे नुसते होरपळले, हे उमगते. लँडसॅट-५ दर सोळा दिवसांनी त्याच जागेवरून जाई. त्याच्या चित्रांत सलग स्मशान नव्हते. काळ्या-हिरव्या ठिगळांची गोधडी होती. उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या तडाख्यात सापडला होता, आणि तोही सर्वत्र सारखा जळाला नव्हता.

तेथील लॉजपोल पाइन वृक्षांची पुष्कळ फळे राळेने बंद असतात; आगीच्या उष्णतेने ती उघडतात आणि बी राखेत पडते. काळ्या ठिगळांत कोठे दाट, कोठे विरळ अशी रोपे उगवली. २०१३ पर्यंत चाललेल्या त्याच उपग्रहाने ही हिरवाई वर्षानुवर्षे टिपली.

तथापि येथे समाधान मानून थांबता येत नाही. २०१६ साली १९८८ नंतरचे हेच कोवळे रान पुन्हा जळाले. बियांचा पुरेसा साठा होण्यापूर्वीच आग आल्यामुळे काही ठिकाणी नवी रोपे फारच कमी उगवली. म्हणून आता उपग्रहाकडून आगीआधीचीही खबर घेतली जाते. पाने वाळू लागली, त्यांतले पाणी घटले, की त्याच अवरक्त किरणांत फरक दिसतो आणि धोक्याच्या जागा ओळखता येतात. आपल्याकडेही डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या आधारे राज्यांच्या वनखात्यांना वणव्याच्या सूचना धाडते.

‘उद्यान संपले’ हा १९८८ चा निकाल घाईचा ठरला. ‘रान आपले आपण सावरतेच’ हा दुसरा निकालही तितकाच घाईचा होय. उपग्रह वणवा विझवीत नाही. तो फक्त साक्ष ठेवतो. ती साक्ष वर्षानुवर्षे ऐकण्याचा धीर आपल्यालाच धरावा लागेल.