ताठ स्प्रिंगची साक्ष

११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनीं भूकंपाचा धक्का बसला. मी तेव्हां सहा-सात वर्षांचा होतों. सांगलीच्या आमच्या घरांत फळीवरील पितळी भांडीं वाजूं लागलीं आणि आईनें आम्हां भावंडांना अंगणांत आणलें. पुढें कळलें कीं, सातारा जिल्ह्यांतील कोयनानगर उद्ध्वस्त झालें असून पावणेदोनशेंहून अधिक माणसें दगावलीं आहेत. तेथेंच १०३ मीटर उंचीचें धरण पाणी अडवून उभें होतें.

त्या धक्क्याचा जोर धरणांतील एका यंत्रानें टिपून ठेवला. त्याचें मर्म जाणण्यासाठीं तीन शतकें मागें जावें लागतें. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं नियम प्रसिद्ध केला कीं, स्प्रिंग जितकी ताणावी तितक्या प्रमाणांत तिचा ओढा वाढतो. आंदोलनकालाचा नियम यांतूनच निघतो. स्प्रिंगला टांगलेलें वजन चौपट केलें, तर एका आंदोलनास दुप्पट वेळ लागतो. उलट, वजन तेंच ठेवून स्प्रिंग चौपट ताठ घेतली, तर वेळ निम्मा होतो. शाळेंत हें मी मुलांकडून प्रत्यक्ष मोजवून घेत असें.

भूकंपमापकाचा पाया हाच. स्प्रिंग मऊ असेल, तर वजनाचें आंदोलन संथ असतें. जमीन झपाट्यानें हालली तरी वजन जवळजवळ जागींच राहतें आणि जमीन किती सरकली याची नोंद मिळते. दूरच्या सूक्ष्म धक्क्यांना हें यंत्र उत्तम. परंतु जवळच्या मोठ्या भूकंपांत असल्या नाजूक यंत्राची रेघ कागदाबाहेर जाते. म्हणून दुसऱ्या जातीच्या यंत्रांत स्प्रिंग अतिशय ताठ घेतात. तिच्यामुळें आंदोलनकाल इतका लहान होतो कीं, वजन जमिनीबरोबरच हलतें; आणि स्प्रिंगच्या किंचित ताणावरून प्रवेग, म्हणजे वेग किती झपाट्यानें बदलला तें, मोजतां येतें.

कोयनेचें यंत्र या दुसऱ्या जातीचें होतें. त्याच्या नोंदींत एका दिशेचा प्रवेग गुरुत्वप्रवेगाच्या सुमारें ६३ टक्के आढळला. धरणाच्या मूळ हिशेबांत भूकंपासाठीं अवघे ५ टक्के धरले होते! धरणाला तडे गेले, तरी तें फुटलें नाहीं. पुढें त्यास आधार देऊन बळकट करण्यांत आलें. आजही जगभरचे स्थापत्यविशारद धरणांचे हिशेब या नोंदीवर पारखून पाहतात. पुन्हां असा धक्का बसला तर धरणाखालील गांवें सुरक्षित राहावीं, यासाठींच ही पारख आहे.