गुप्तहेराचे नाव आणि कायदा

२३ डिसेंबर १९७५. रिचर्ड वेल्च नाताळची मेजवानी आटोपून पत्नीसह अथेन्समधील आपल्या घरी परतले आणि दारातच त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचे ते तेथील प्रमुख. ‘काउंटरस्पाय’ या अमेरिकी नियतकालिकाने त्यांचे नाव आधीच छापले होते, तर अथेन्सच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने महिनाभर आधी नाव-पत्ता दोन्ही दिले होते. त्याच वर्षी फिलिप एजी या माजी अधिकाऱ्याच्या पुस्तकाने सुमारे अडीचशे नावे उघडी केली होती.

छापलेल्या नावामुळेच वेल्च यांचा जीव गेला, असे ठामपणे म्हणता येत नाही. ते घर सीआयए प्रमुखाचे म्हणून अनेकांना ठाऊक होते. पण अमेरिकेत संताप उसळला आणि अखेर २३ जून १९८२ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी गुप्तचरांची ओळख जपणाऱ्या कायद्यावर सही केली.

गोपनीय माहिती हाताळणाऱ्याने जाणूनबुजून नाव फोडल्यास मूळ कायद्यात दहा वर्षांपर्यंत कैद होती. पत्रकारासारख्या बाहेरच्या माणसालाही शिक्षा होऊ शकते, पण नावे उघडी पाडण्याचा उद्योग त्याने सातत्याने चालवला होता, हे सिद्ध करावे लागते. वृत्तपत्रस्वातंत्र्यासाठी ठेवलेली ही अट.

कायदा लागला तो कोणाला? १९८५ मध्ये घानामधील सीआयए कर्मचारी शॅरन स्क्रॅनेज यांना, आणि एका पत्रकाराला नाव सांगितल्याबद्दल माजी अधिकारी जॉन किरियाकू यांना. किरियाकूंना २०१३ मध्ये तीस महिन्यांची शिक्षा झाली. पत्रकाराने ते नाव छापलेही नव्हते. याउलट १४ जुलै २००३ रोजी व्हॅलेरी प्लेम यांचे नाव छापून आले. ते परराष्ट्र खात्याचे उपमंत्री रिचर्ड आर्मिटेज यांच्याकडून बाहेर पडले होते. तरी नाव फोडल्याबद्दल कोणावरही खटला झाला नाही. उपराष्ट्राध्यक्षांचे सहायक लिबी दोषी ठरले, ते खोटी साक्ष आणि तपासात अडथळा यांसाठी.

आपल्याकडे १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आहे. माहितीच्या अधिकारातूनही केंद्रीय गुप्तचर संस्था वगळल्या आहेत. मात्र भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंग यांच्या माहितीला ती सूट नाही. आम्हा सरकारी नोकरांना ‘गोपनीय’ हा शिक्का रोजचा. तो माणसाचा जीव राखण्यासाठी असावा, साहेबाची चूक झाकण्यासाठी नव्हे. आणि मोडला, तर शिपायाला आणि साहेबाला न्याय एकच हवा.