खडकाळीच्या शांताबाई

द्वारका चौकातून सारडा सर्कलमार्गे सीबीएसकडे निघालात की खडकाळीचा सिग्नल लागतो. तिथे थांबलेल्या दहा जणांना विचारून बघा, शांताबाई दाणी कोण? नऊ जण मान हलवतील असा माझा अंदाज आहे. शांताबाई याच खडकाळीतल्या. जन्म १९१९ चा, घर अस्पृश्य ठरवलेल्या समाजातलं. पोरगी शिकली पाहिजे हा हट्ट आईचा.

त्या अकरा वर्षांच्या असताना, मार्च १९३० मध्ये, इथून हाकेच्या अंतरावर काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बायका होत्या. आपण बाबासाहेबांचं नाव घेतो, दादासाहेब गायकवाडांचं घेतो, ते घ्यायलाच पाहिजे. पण त्या काळी घरच्या उंबऱ्याबाहेर पडून पोलिसांसमोर बसणाऱ्या २५ बायका ही काय साधी गोष्ट होती? वर्षानुवर्षं लढून मंदिराचा दरवाजा उघडला नाही, पण बायका चळवळीत आल्या त्या आल्याच. जुलै १९४२ मध्ये नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद झाली. तिथे घटस्फोटाचा हक्क मागितला गेला, एकापेक्षा जास्त बायका करण्याला विरोध झाला. म्हणजे नुसतं देवळाच्या पुजाऱ्याला नाही, घरच्या कारभाऱ्यालाही सुनावलं.

शांताबाई याच पिढीतल्या. शिकल्या, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या कामात पडल्या, लग्न केलं नाही. एकटी बाई, गावोगाव सभा, भोवती सगळे पुरुष. लोक काय बोलत असतील ते नाशिककरांना मी सांगायला नको. पुढे दादासाहेबांच्या बरोबरीने भूमिहीनांच्या सत्याग्रहात उतरल्या. १९६४ च्या डिसेंबरात तो देशभर पेटला, लाखो माणसं तुरुंगात गेली. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, ही त्यातली एक मागणी. १९६८ ते १९७४ त्या विधान परिषदेवर होत्या.

मला मात्र त्यांचं आमदारपण मोठं वाटत नाही. मोठं वाटतं ते नाशिकमधलं रमाबाई आंबेडकरांच्या नावाचं मुलींचं वसतिगृह आणि नाशिकरोडची तक्षशिला शाळा. खेड्यातल्या बापाला पोरगी शहरात ठेवायची म्हणजे तिथे विश्वासाचं माणूस लागतं. ते माणूस त्या झाल्या. सत्ता म्हणतात ती हीच, असं माझं मत.

आज स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. बातमीसाठी नगरसेविकेला फोन लावला, तर बऱ्याचदा उचलतात ‘साहेब’. सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी नवऱ्याची खुर्ची असतेच. (राग आला तर येऊ द्या, फोन मी रोज लावतो.)

शांताबाईंचं आत्मकथन आहे, ‘रात्रंदिन आम्हां’. त्यांनी सांगितलं आणि भावना भार्गवे यांनी शब्दांत उतरवलं. २००१ साली शांताबाई गेल्या. ज्यांच्याकडे ते पुस्तक असेल, त्यांनी शेजारच्या शिकत्या पोरीला आठवडाभरासाठी द्या. आणि वसतिगृहात राहून शिकलेल्या कुणी मावशी, आजी तुमच्या घरात असतील, तर त्यांच्या आठवणी खाली लिहा. वाट बघतोय.