ग्यूला

ग्यूला : मग्यार (हंगेरियन) टोळ्यांच्या संघातील एक श्रेष्ठ अधिकारपद, पुढे दहाव्या शतकातील एका सत्ताधारी घराण्याचे नाव आणि एकोणिसाव्या शतकापासून हंगेरीत सर्वत्र रूढ झालेले पुरुषनाम. मूळ हंगेरियन उच्चार ‘द्यूला’ या उच्चाराला अधिक जवळचा आहे. परंतु ‘मग्यार’ या परिचित शब्दातील लेखनपद्धतीस अनुसरून येथे ‘ग्यूला’ हे रूप वापरले आहे. युरोपातील बहुतेक भाषांत या नावाचे भाषांतर ‘जूलिअस’ असे करतात. वस्तुतः रोमन जूलिअस कुळाशी या नावाचा काहीही संबंध नाही; मात्र या गैरसमजामुळेच नावाचा पुढील इतिहास बराचसा घडला.

नवव्या शतकात मग्यार टोळ्या काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात राहत होत्या. त्यांच्या राज्यव्यवस्थेचे वर्णन इब्न रुस्ता (दहावे शतक) व गर्दीझी (अकरावे शतक) या मुस्लिम लेखकांनी केले आहे. त्यानुसार मग्यारांचा प्रमुख वीस हजार घोडेस्वारांनिशी संचार करी. त्याला ‘केंदे’ म्हणत. पण युद्ध, संरक्षण व प्रत्यक्ष राज्यकारभार यांबाबत सर्व लोक ‘ग्यूला’ची आज्ञा मानीत. नामधारी पवित्र राजा एक आणि सत्ता चालविणारा दुसरा, ही द्विराजपद्धती मग्यारांचे तत्कालीन शेजारी व वरिष्ठ खझर यांच्याकडेही होती. तेथूनच ती आली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सु. ८९५ मध्ये कार्पेथियन पर्वतांच्या खोऱ्यात मग्यारांनी वसाहत केली, तेव्हा आर्पाद हा ग्यूला होता की केंदे, याविषयी मात्र एकमत नाही.

बायझंटिन सम्राट सातवा कॉन्स्टंटीन पॉर्फिरोजेनिटस (९०५–९५९) याने आपल्या मुलासाठी सु. ९५० मध्ये सिद्ध केलेल्या राज्यशासनविषयक ग्रंथात ग्यूला व हॉर्का या दोन पदांचा उल्लेख केला आहे. आर्पादच्या वंशातील प्रमुखाखालोखाल या दोघांना न्यायाधीशाचा दर्जा असून त्यांत ग्यूला श्रेष्ठ होय, असे तो सांगतो. ही व्यक्तींची नावे नसून पदे आहेत, असे त्याने आवर्जून नमूद केले आहे. ज्या अर्थी सम्राटाला हा खुलासा करावा लागला, त्या अर्थी पद व व्यक्तिनाम यांतील सीमारेषा त्या वेळीच पुसट होऊ लागली असावी. याच ग्रंथात पेचेनेग या तुर्की लोकांच्या आठ प्रांतांपैकी एकाचे नाव ‘ग्यूला’ असे दिले आहे. यावरून हा शब्द मूळचा तुर्की आणि स्टेप प्रदेशातील अनेक जमातींना परिचित होता, हे स्पष्ट होते. प्राचीन तुर्कीतील ‘मशाल’ या अर्थाच्या ‘यूला’ या शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो. ती व्युत्पत्ती संभाव्य असली, तरी सर्वमान्य नाही.

पदाचे रूपांतर घराण्याच्या नावात झाले ते ख्रिस्ती धर्माच्या प्रवेशाबरोबर. अकराव्या शतकातील बायझंटिन इतिहासकार जॉन स्कायलिट्झीस याच्या वृत्तांतानुसार प्रथम बुल्चू हा मग्यार सरदार कॉन्स्टँटिनोपल येथे आला. सम्राट स्वतः त्याचा धर्मपिता झाला आणि त्यास ‘पॅट्रिशियन’ हा किताब देण्यात आला. त्याच्यामागून सु. ९५३ मध्ये ग्यूलानेही तेथे जाऊन बाप्तिस्मा घेतला व तोच किताब मिळविला. परतताना त्याने हीरोथीऑस नावाच्या भिक्षूस बरोबर आणले. बिशपची दीक्षा त्यास आधीच देण्यात आलेली होती. त्याने अनेकांना ख्रिस्ती केले. बुल्चूने आपला शब्द पाळला नाही; ९५५ मध्ये लेखफेल्डच्या लढाईनंतर जर्मन राजा पहिला ऑटो याने त्याला फाशी दिले. ग्यूलाने मात्र बायझंटिन मुलखावर पुन्हा स्वारी केली नाही, उलट ख्रिस्ती बंदिवानांना मुक्त करविले, असे स्कायलिट्झीस लिहितो. या ग्यूलाची सत्ता ट्रान्सिल्व्हेनियात होती की टिसो व मारोश या नद्यांच्या संगमाजवळील सखल प्रदेशात, याबद्दल मतभेद आहेत. आल्बा यूल्या येथील कॅथीड्रलसमोर २०११ मध्ये झालेल्या उत्खननात एका जुन्या चर्चवास्तूचा पाया सापडला असून काही संशोधक तिचा संबंध हीरोथीऑसच्या कार्याशी जोडतात.

ग्यूलाची कन्या शारोल्त ही आर्पादवंशीय राजा गेझा याची पत्नी. मेर्झबुर्गचा बिशप थीटमार हिच्याविषयी लिहितो, की ती अमर्याद मद्यपान करी, योद्ध्याप्रमाणे घोड्यावर स्वार होई आणि रागाच्या भरात तिने एका माणसाला ठार केले होते. क्वेरफुर्टचा ब्रूनो याने तर सर्व राज्य तिच्याच हाती होते असे सांगून तिच्या आश्रयाने पसरलेला ख्रिस्ती धर्म मूर्तिपूजेने विटाळलेला व निस्तेज असल्याचा आरोप केला आहे. हे दोन्ही लेखक लॅटिन पंथाचे धर्मगुरू होते. शारोल्तच्या माहेरी पोहोचलेला धर्म ग्रीक पंथाचा होता, ही गोष्ट त्यांचे लेखन वाचताना विसरून चालणार नाही. याच शारोल्तचा पुत्र वॉयक. त्याने बाप्तिस्म्याच्या वेळी इश्तव्हान (स्टीव्हन) हे नाव धारण केले आणि इ. स. १००० च्या अखेरीस वा १००१ च्या प्रारंभी हंगेरीचा पहिला ख्रिस्ती राजा म्हणून त्याला राज्याभिषेक झाला.

या इश्तव्हानने १००३ मध्ये आपल्या सख्ख्या मामावर स्वारी केली. हिल्डेसहाइमच्या वार्षिक वृत्तांतानुसार त्याने मामा ‘राजा ग्यूला’ यास पत्नी व दोन पुत्रांसह कैद केले आणि त्याच्या राज्यावर बळाने ख्रिस्ती धर्म लादला. सु. १२०० मध्ये ‘अनामिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हंगेरियन राजसचिवाने लिहिलेल्या बखरीत हीच घटना आहे. कनिष्ठ ग्यूलाने ख्रिस्ती होण्याचे नाकारल्यामुळे त्याला आजन्म बंदिवासात ठेवले, असे तीत म्हटले आहे. ज्येष्ठ ग्यूला बाप्तिस्मा घेतलेला व बिशप आणणारा, तर त्याच कुळातील कनिष्ठ ग्यूला मूर्तिपूजक, या दोन विधानांचा मेळ सहजासहजी बसत नाही. विजेत्याच्या बाजूच्या लेखकांनी राजकीय युद्धाला धर्मयुद्धाचे रूप दिले, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. स्वतः इश्तव्हान ग्रीक पंथाचा द्वेष्टा नव्हता. वेस्प्रेमच्या खोऱ्यातील जोगिणींच्या मठाला त्याने दिलेली सनद ग्रीक भाषेतच आहे. मारोश नदीकाठचा ग्रीकपंथीय सरदार आयतोन्य याचाही त्याच्या सेनेने पुढे पराभव केला, तो मिठाच्या वाहतुकीवर कर बसविल्यामुळे. आणि त्यानंतरही तेथील ग्रीक भिक्षूंना आश्रय मिळत राहिला. ट्रान्सिल्व्हेनियातील मीठ व सोने यांवर ज्याचे नियंत्रण, तो हंगेरीच्या राजाचा प्रतिस्पर्धी, हे या मोहिमेमागील खरे कारण दिसते. थीटमारने उल्लेखिलेला ‘प्रोकुई’ हा राजाचा मामा म्हणजेच ग्यूला होय, असे काही इतिहासकार मानतात. ते खरे असल्यास ग्यूला पुढे पोलंडच्या बोलेस्लाफच्या आश्रयास गेला आणि इश्तव्हानने त्याच्या पत्नीस सन्मानाने परत पाठविले, असे म्हणावे लागेल.

घराण्याची सत्ता गेली, तरी स्थलनामांत ग्यूला उरला. मारोश नदीवरील प्राचीन रोमन आपुलमच्या अवशेषांवर वसलेल्या नगराला हंगेरियन लोक ग्यूलाफेहेरवार म्हणजे ‘ग्यूलाचा श्वेतदुर्ग’ म्हणू लागले. लॅटिन लेखकांनी याचे ‘आल्बा जूलिआ’ असे रूप केले. नगराचे जुने रुमानियन नाव ‘बाल्ग्राद’ हे स्लाव्ह भाषेतून आलेले असून त्याचाही अर्थ श्वेतदुर्ग असाच आहे. परंतु आपला वारसा रोमन असल्याची जाणीव वाढत गेल्यावर रुमानियन लोकांनीही आल्बा यूल्या हे लॅटिन रूपच स्वीकारले. १ डिसेंबर १९१८ रोजी ट्रान्सिल्व्हेनियाच्या रुमानियातील विलीनीकरणाची घोषणा याच नगरात झाली आणि १९२० च्या त्रियानाँच्या तहाने तीस मान्यता मिळाली. मग्यार सरदाराचे नाव अशा रीतीने, रोमन वेषात, रुमानियन राष्ट्राच्या प्रमुख स्मृतिस्थळावर कायम राहिले. आग्नेय हंगेरीतील बेकेश परगण्यात ग्यूला नावाचेच दुसरे नगर आहे. विटांनी बांधलेला तेथील मध्ययुगीन किल्ला १५६६ मध्ये तुर्कांनी घेतला व १६९५ पर्यंत तो त्यांच्याकडे राहिला. चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याचा सोनार पिता या नगराजवळच्या आयतोश गावचा होता (हंगेरियन ‘आयतो’ म्हणजे दार, जर्मन ‘ड्यूरर’ हे त्याचेच भाषांतर). हंगेरियन राष्ट्रगीताचा संगीतकार फेरेन्त्स एर्केल (१८१०–९३) याचा जन्मही येथेच झाला. ‘ग्यूलाई’ हे आडनाव ‘ग्यूला येथील’ या अर्थाचे आहे. त्यातील ‘ई’ हा प्रत्यय मराठी आडनावांतील ‘कर’ या प्रत्ययासारखा होय. समीक्षक पाल ग्यूलाई (१८२६–१९०९) यामुळे ते आडनाव वाङ्‌मयेतिहासात परिचित आहे.

व्यक्तिनाम म्हणून ग्यूला हे नाव तेराव्या शतकापर्यंत सरदारवर्गात आढळते. दुसरा अँड्रू या राजाच्या काळात कान कुळातील ग्यूला हा दोनदा राज्याचा पॅलटिन (मुख्याधिकारी) होता. पुढे संतांची नावे ठेवण्याची प्रथा बळावली आणि अन्य ख्रिस्तपूर्व मग्यार नावांप्रमाणे हेही मागे पडले. त्यांचे पुनरुज्जीवन अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झाले. अनामिकाची बखर १७४६ मध्ये प्रथम छापली गेली. मिहाय व्हरोश्मार्ती याच्या झालानच्या पलायनावरील महाकाव्याने (१८२५) तीमधील वीर घरोघरी पोहोचविले. आर्पाद, झोल्तान, गेझा ही नावे मुलांना ठेवली जाऊ लागली. मात्र चर्चच्या नोंदवह्या लॅटिनमध्ये असत आणि त्यांत संताचे नाव अपेक्षित असे. ग्यूलाची अडचण जूलिअसशी असलेल्या ध्वनिसाम्याने दूर झाली: नोंदवहीत जूलिअस आणि घरी ग्यूला. १२ एप्रिल हा पोप संत पहिला जूलिअस याचा दिवस हंगेरीत ग्यूलाचा नामदिन म्हणून पाळतात, तो यामुळेच. चुकीच्या समीकरणामुळे एक मूर्तिपूजक पदनाम ख्रिस्ती पंचांगात बसले.

आधुनिक काळात हे नाव धारण करणाऱ्यांत काउंट ग्यूला आंद्राशी (१८२३–९०) सर्वांत प्रसिद्ध होय. १८४८-४९ च्या स्वातंत्र्ययुद्धात त्याने भाग घेतला. कोशुतच्या सरकारने त्याला दूत म्हणून कॉन्स्टँटिनोपलला पाठविले. ज्येष्ठ ग्यूलाप्रमाणे यालाही मदतीसाठी त्याच नगराकडे पाहावे लागले, फक्त तेथे आता सम्राटाऐवजी सुलतान होता. युद्ध हरल्यावर तो परदेशी राहिला. १८५१ मध्ये त्याच्या अनुपस्थितीत देहान्ताची शिक्षा होऊन पेस्टमध्ये त्याच्या नावाची पाटी फासावर लटकविण्यात आली. पॅरिसमधील उच्चभ्रू स्त्रियांनी त्याला ‘फाशी गेलेला देखणा’ असे टोपणनाव दिले. माफी मिळून परतल्यावर फेरेन्त्स देआकच्या सहकार्याने त्याने १८६७ ची तडजोड घडवून आणली व तो हंगेरीचा पंतप्रधान (१८६७–७१) झाला. ८ जून १८६७ रोजी फ्रान्सिस जोसेफच्या मस्तकावर इश्तव्हानच्या नावाने ओळखला जाणारा मुकुट आर्चबिशपसह त्याने ठेवला. ज्या सम्राटाच्या राजवटीने त्याला फाशीची शिक्षा दिली होती, तोच हा सम्राट. परराष्ट्रमंत्री (१८७१–७९) या नात्याने त्याने बर्लिन परिषदेत (१८७८) बॉझ्निया-हेर्ट्‌सगोव्हीना व्यापण्याचा अधिकार मिळविला आणि १८७९ मध्ये जर्मनीशी मैत्रीचा करार केला. या दोन्ही गोष्टींचे परिणाम साम्राज्याला १९१४ नंतर भोगावे लागले. त्याच साम्राज्याचा अखेरचा परराष्ट्रमंत्री त्याचा मुलगा, कनिष्ठ ग्यूला आंद्राशी (१८६०–१९२९) हा होता, आणि १९१८ च्या शरद ऋतूत वडिलांनी केलेली जर्मन मैत्री मोडण्याचे काम त्याच्या वाट्याला आले.

विसाव्या शतकात तीन ग्यूला थोड्या अंतराने पंतप्रधान झाले. ग्यूला पेइद्‌ल याचे सरकार ऑगस्ट १९१९ मध्ये जेमतेम सहा दिवस टिकले. ग्यूला कारोयी (१९३१-३२) महामंदीपुढे हतबल ठरला. ग्यूला गोम्बोश (१९३२–३६) याने देशाला इटली व जर्मनी यांच्या मार्गावर नेले. ग्यूला होर्न (१९३२–२०१३) याची कारकीर्द अधिक गुंतागुंतीची आहे. १९५६ चा उठाव दडपणाऱ्या सशस्त्र दलात तो होता. परंतु परराष्ट्रमंत्री म्हणून १० सप्टेंबर १९८९ रोजी पूर्व जर्मन नागरिकांसाठी ऑस्ट्रियाची सीमा खुली करण्याची घोषणा त्यानेच केली. १९९४–९८ मध्ये तो पंतप्रधान होता.

चित्रकार ग्यूला बेन्त्सूर (१८४४–१९२०) याच्या ‘वॉयकचा बाप्तिस्मा’ (१८७५) या भव्य चित्राने शारोल्तच्या पुत्राची प्रतिमा हंगेरियन मनात कायमची रुजविली. गणितात ग्यूला कोनिग (१८४९–१९१३) याचे १९०४ मधील हायडल्‌बर्ग येथील व्याख्यान संचसिद्धांताच्या इतिहासात महत्त्वाचे मानतात: त्यातील सिद्धता चुकीची निघाली, पण तिच्या खळबळीतून त्याच वर्षी झर्मेलोने निवडीचे स्वयंसिद्ध मांडले. कोलोझ्वारचा ग्यूला फॉर्कॉश (१८४७–१९३०) याची रेखीय असमतांविषयीची प्रमेयिका आजच्या इष्टतमीकरणशास्त्राचा एक आधार आहे. बुद्धिबळात ग्यूला ब्रेयर (१८९३–१९२१) याच्या नावाची स्पॅनिश प्रारंभातील एक पद्धती आजही खेळली जाते. फुटबॉलमध्ये १९५३ साली वेंब्ली येथे इंग्लंडचा ६-३ असा पराभव करणाऱ्या संघाचा गोलरक्षक ग्यूला ग्रोशिच (१९२६–२०१४) होता. साहित्यात ग्यूला क्रूदी (१८७८–१९३३), ग्यूला युहास (१८८३–१९३७) व ग्यूला इय्येश (१९०२–८३) हे तिघे अग्रगण्य. इय्येशने शेतमजुरांच्या जीवनावर लिहिलेले पुस्तक (१९३६) हंगेरियन गद्याचा मानदंड समजले जाते. जुलमी सत्तेवर १९५० मध्ये लिहिलेली त्याची दीर्घ कविता नोव्हेंबर १९५६ च्या उठावाच्या दिवसांतच प्रथम छापली गेली आणि नंतर अनेक वर्षे हंगेरीत तिच्यावर बंदी होती.

भारताशी निकटचा संबंध आला तो प्राच्यविद्यापंडित ग्यूला गेर्मानुस (१८८४–१९७९) याचा. रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून १९२९ मध्ये तो शांतिनिकेतनात आला व सु. तीन वर्षे तेथे त्याने इस्लामी इतिहासाचे अध्यापन केले. दिल्लीच्या जामा मशिदीत त्याने इस्लामचा स्वीकार करून अब्दुल करीम हे नाव घेतले आणि १९३५ मध्ये हजयात्रा केली. त्याची पत्नी रोझा हाय्नोत्सी हिच्या नावे प्रसिद्ध झालेले बंगालमधील वास्तव्यावरील पुस्तक हंगेरीत आजही वाचले जाते.

पॅरिसचा विख्यात छायाचित्रकार ब्रासाई (१८९९–१९८४) याचे मूळ नाव ग्यूला हालास. त्याच्या वडिलांचे नावही ग्यूलाच होते. तो ट्रान्सिल्व्हेनियातील ब्राशो या नगरात जन्मला, आणि त्याचे जन्मगाव रुमानियात गेल्यावर त्याने जन्मनाव बाजूला ठेवून ‘ब्राशोचा’ या अर्थाचे नाव धारण केले.