गाडीची हिस्ट्री

"गाडीची हिस्ट्री काय?" असं कोल्हापूरहून फोनवर बोलणाऱ्या गृहस्थांनी विचारलं आणि माझी छाती एकदम दोन इंच फुगली. मी मालवणात हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून आमचा सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला आणि त्याच जूनमध्ये मी हातात खडू घेतला. पुढच्या एकतीस वर्षांत एकतीस वेळा मी मुलांना घेऊन पानिपतावर गेलो आणि एकतीसही वेळा हरून परत आलो. पण एवढ्या काळात एका तरी माणसानं आपण होऊन 'हिस्ट्री काय?' म्हणून विचारावं? नाव नको. आणि आता निवृत्तीनंतर दहा वर्षांनी हा भला माणूस पदरचे पैसे खर्चून विचारत होता!

"सविस्तर लिहून ठेवतो," मी म्हणालो.

त्यांना बिचाऱ्यांना एवढंच हवं होतं, की गाडी किती हातांतून गेली, कुठं ठोकलीय का आणि इंजिन कधी उघडलंय. पण इतिहासाच्या मास्तराला प्रश्न विचारायचा तर उत्तरासाठी तासभर बसायची तयारी हवी.

गाडी माझ्या दादाची. सन १९६४ची स्टँडर्ड हेरल्ड, दोन दरवाजांची, रंग एकेकाळी लाल. वर छप्पर नाही. जाहिरातीसाठी मी मसुदा केला होता, 'विकणे आहे : जुनी स्पोर्ट्स कार. भरपूर वापरलेली, पण मशिनरी ओके.' तो मसुदा वहिनीला वाचून दाखवला. ती कुळीथ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भावजी, स्पोर्ट कित्याक लिवतास? ह्या गाडयेन जन्मात कधी कोणाक मागे टाकल्यान हा?"

प्रश्न बिनतोड होता. मूळ इंग्रजी हेरल्डचं इंजिन ९४८ सीसीचं, ताकद जेमतेम पस्तीस घोड्यांची. मालवणच्या खाऱ्या हवेत त्यातले निम्मे घोडे केव्हाच निवर्तले असणार. कसालच्या रस्त्यावर एस.टी. आम्हांला मागे टाकून जाई तेव्हा मागच्या खिडकीतली पोरं हात हलवून निरोप देत. तरीही 'स्पोर्ट्स' हा शब्द मी खोडला नाही. कारण याच हेरल्डची चासी जरा आखूड करून १९६२ साली विलायतेत ट्रायंफ स्पिटफायर नावाची खरीखुरी स्पोर्ट्स गाडी निघाली. दोघींचा आराखडा इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीचाच. म्हणजे आमची गाडी स्पोर्ट्स नसली, तरी स्पोर्ट्सची सख्खी थोरली बहीण. लग्नाच्या बाजारात एवढं नातं सांगायला हरकत नसते.

तर हिस्ट्री. पहिलं पान मी कोव्हेंट्रीपासून सुरू केलं.

तिथल्या स्टँडर्ड-ट्रायंफ कंपनीला १९५० नंतर नवी छोटी गाडी काढायची होती. पण पंचाईत अशी, की त्यांना बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ साली प्रतिस्पर्धी बी.एम.सी.नं गिळली. शेजाऱ्यानं आपला सुतारच फितवावा तसं झालं. अखंड बॉडी करून देणार कोण? मग यांनी जुन्या पद्धतीची वेगळी चासी घेतली, बॉडीचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी बनवले आणि ते चासीवर बोल्टांनी आवळले. एप्रिल १९५९ मध्ये ही तुकड्यातुकड्यांची हेरल्ड बाजारात आली. तिचं बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट सुसरीच्या जबड्यासारखं उघडतं. पंचवीस फुटांत ती पुरी वळते. आणि मुख्य म्हणजे पाना घेतला की तिचं छप्पर सुटं होतं. कोव्हेंट्रीतल्या कारखानदारांच्या भांडणाचा परिणाम वीसेक वर्षांनी मालवणात आमच्या खळ्यात दिसणार होता. इतिहासात कारण आणि परिणाम यांच्यामध्ये केवढं अंतर असू शकतं याचं याहून चांगलं उदाहरण मला नोकरीत असताना सापडलं नाही.

मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१पासून ही गाडी आपल्याकडे काढली. त्या काळी गिऱ्हाइकापुढं तीन गाड्या असत, अँबॅसडर, फियाट आणि ही. आता तीन म्हणजे निवड झाली असं कुणाला वाटेल. निवड कसली? नंबर असे. नंबर लावून माणूस वर्षानुवर्षं वाट बघे. गाडीची नोंदणी करायची, मग मुलीचं लग्न करायचं, मग जावई ती गाडी सोडवून आणायचा, असा क्रम. हेरल्डचा नंबर त्या मानानं लवकर लागे, कारण तिच्याबद्दल लोकांच्या मनात किंतु होता. तिची मागची चाकं एकेकटी वरखाली होतात. वळणावर जोरात घातली तर मागचं चाक पोटाखाली दुमडू बघतं. आमच्या मिस्त्रींना हा प्रकार कधीच रुचला नाही. पुढं १९७०च्या आसपास कंपनीनं हेरल्ड बंद करून गॅझेल काढली तेव्हा मागं साधा सरळ अ‍ॅक्सल घातला तो याचसाठी.

दुसरं पान दादाचं.

दादा माझगाव डॉकमध्ये फिटर. गोवा १९६१च्या डिसेंबरात मुक्त झाला आणि वर्षभरात तो मित्रांबरोबर पणजी बघून आला. पोर्तुगीज अमदानीत तिकडे परदेशी गाड्यांची चंगळ होती. (पोर्तुगालमध्ये १९२८ साली वाहतूक उजवीकडून सुरू झाली, पण गोव्यात डावीकडूनच राहिली. शेजारी आपण होतो ना! सीमेवर बाजू बदलायची म्हणजे काय गंमत आहे?) तिथं मांडवीच्या काठानं दादाला एक बिनछपराची लाल गाडी जाताना दिसली. बस्स. इतरांनी गोव्याहून काय काय आणलं ते इथं लिहायचं कारण नाही. दादानं एवढंच आणलं.

१९७३च्या अखेरीस अरबांनी तेल महाग केलं आणि मुंबईत जुन्या गाड्या कुणी फुकट घेईना. त्यातून दोन दरवाजांची हेरल्ड. माटुंग्याच्या एका डॉक्टरांनी ती दादाला साडेचार हजारांत दिली, वर स्टेपनी पुसून दिली. दादा ती हाकत मालवणला आला. परशुराम घाटात रेडिएटर उकळला म्हणून चिपळुणात मुक्काम झाला. दुसऱ्या रात्री ती आमच्या दारात येऊन थांबली तेव्हा बाबांनी कंदील वर धरून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हिका खावक काय घालतलस?"

छप्पर निघालं ते मे १९७८ मध्ये, दादाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. दादानं एकट्यानं, तासाभरात काढलं. वेंगुर्ल्याहून नवी नवरी उघड्या गाडीतून आणायची! वरात निघाली ती थाटात, आणि कुडाळ मागं पडेपर्यंत वळवाचा पाऊस कोसळला. मी मागच्या सीटवर करवल्यांच्या मध्ये अंग चोरून बसलो होतो. दादा गाडी थांबवीना. थांबवून तरी करणार काय? छप्पर मालवणात! गावोगावचे लोक पागोळ्यांखाली उभे राहून भिजलेली नवरी बघत होते. त्या प्रवासाविषयी वहिनी पुढची चाळीस वर्षं चांगलं किंवा वाईट एक अक्षर बोलली नाही. छप्पर मात्र परत चढलं नाही. ते परसात चार चिऱ्यांवर ठेवलं आणि त्याखाली कोंबड्या राहायला गेल्या.

तिसरं पान अपघाताचं. एका चतुर्थीला चौक्याच्या बाजारात दादा गाडी वळवत असताना पुढचं डावं चाक दमलेल्या म्हशीसारखं आडवं झालं. हेरल्डच्या पुढच्या चाकाचा खालचा सांधा पितळी असतो. त्यात गिअरचं घट्ट तेल घालायचं असतं, ग्रीस नाही. एका मिस्त्रीनं चांगुलपणानं ग्रीस भरलं होतं. ग्रीस आत पोचत नाही, पाणी पोचतं, आणि आतला दांडा गंजून एक दिवस मोडतो. त्यानंतर दादानं दर तीन महिन्यांनी स्वतः तेल भरलं. अंगात ताप असला तरी.

आणि चौथं पान. इथं माझी लेखणी अडखळली.

समुद्राच्या वाऱ्यानं गाडीचा तळ खाल्ला होता. दरवाजांखालच्या पट्ट्या आणि चासीचे बाजूला निघालेले हात चाळणी झाले होते. शेवटी एक डेंटर शोधला. त्यानं भोकांत शिसं ओतलं, कानस मारली आणि वर रंग फासला. "हे टिकेल का?" मी विचारलं. तो दुखावला. "सर, तुमी इतिहासाचे मास्तर मा? सिंधुदुर्गाच्या पायात महाराजांनी काय ओतल्यानी? शिसा! साडेतीनशे वर्सां दर्या मारता. किल्लो पडलो काय?" यावर काय बोलणार? किल्ल्याखाली कातळ आहे आणि गाडीखाली चार टायर, हा फरक मला रात्री सुचला.

इतिहासकारानं काही लपवू नये, हे मी मुलांना फळ्यावर लिहून देत असे. पण त्या मुलांना काही विकायचं नव्हतं. दादा २०१६ साली गेला. १६ मे २०२१च्या रविवारी तौक्ते वादळ आलं आणि आमच्या घराची निम्मी मंगलोरी कौलं आणि वासे घेऊन गेलं. (परसातलं गाडीचं छप्पर तसूभर हललं नाही. आतल्या कोंबड्या सकाळी अंग झाडत बाहेर आल्या.) सगळा पावसाळा वहिनीनं ताडपत्रीखाली काढला. सुतारानं एक लाख नव्वद हजारांचा हिशोब दिला होता. एका छपराच्या पायी दुसऱ्या बिनछपरीला निरोप द्यायचा, असा तो मामला. मी अडीच लाख सांगितले होते. चौथं पान लिहिलं, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

कोल्हापूरकर जानेवारीत आले. माणूस गोड आणि जाणता. त्यांनी मला केंद्र सरकारचा जुलै २०२१चा नियम समजावून सांगितला. पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी वीस हजार, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. इंग्रज लोक १९३०च्या पुढच्या गाडीला व्हिंटेज म्हणत नाहीत, आपलं सरकार मनानं मोठं. अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला तेवढी न्यायची. दादाला हा नियम फार आवडला असता. पेट्रोलच्या नावाखाली तो रोज मासळीबाजारात जाऊन आला असता. फक्त एक अट होती. गाडी मूळ रूपात हवी, बॉडीत बदल चालत नाही.

"छप्पर हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"आहे की," मी परसाकडे हात केला. "कोंबड्या उठवाव्या लागतील."

त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून खाली पाहिलं आणि ओटीवर बसून माझी हिस्ट्री वाचायला घेतली. तिसऱ्या पानावरून ते पाचव्यावर गेले. मी समोरच्या माडाकडे बघत होतो.

"भावजी," वहिनी चहा ठेवताना म्हणाली, "चौथा पान खय आसा?"

तिनं ते केव्हा वाचलं देव जाणे. मी खिसे चाचपल्याचं नाटक केलं आणि पान काढून दिलं. पाहुण्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि स्वतःच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून माझ्यापुढं ठेवलं. "शिशाला चिकटत न्हाई सर. पयल्या फेरीतच कळलं. म्हटलं, बघू सर देत्यात का पान." चाळीस हजार कमी झाले. दोन लाख दहा हजारांवर सौदा ठरला.

छप्पर चढवायला ते मिस्त्री घेऊन आठ दिवसांनी येणार होते. आदल्या दुपारी मी सहज गेलो, तर वहिनी गाडीत डावीकडच्या सीटवर बसून मिरच्यांचे देठ काढत होती. "हय ऊन बरा पडता," ती म्हणाली. मी बरं म्हटलं आणि घरात गेलो.

दुसऱ्या दिवशी छप्पर बसलं. चव्वेचाळीस वर्षांनी बोल्टांची भोकं बरोबर जुळली. वहिनीनं २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मांवर सह्या केल्या, पैसे मोजून घेतले. गाडी टेंपोवर चढली. पाहुणे निरोप घ्यायला वाकले तेव्हा ती म्हणाली, "फुडच्या चाकांच्या सांध्यात ग्रीस घालू नकात हां. त्याल घाला, गेरबॉक्साचा. दर तीन म्हयन्यांनी. ते सांगीत."

त्यांनी मोबाइल काढून लिहून घेतलं. मग वहिनी कोंबड्यांसाठी झापाचा आडोसा करायला परसात गेली.